बेंजोच्या बटणांखालची हळद

गेल्या अंकात मी विचारलं होतं की गाण्या-बजावण्यातली अशी कुठली गोष्ट तुम्हाला अलीकडे कळली, जी ऐकून पहिल्यांदा विश्वासच बसला नाही? पत्रं भरपूर आली. वडिलांच्या मागे ठाण्यातल्या जांभळी नाक्याजवळचं आमचं पेटी (हार्मोनियम) दुरुस्तीचं दुकान मी सांभाळते. त्यामुळे जी वाद्यं रोज हातात येतात त्यांच्यावर जरा जास्त लिहिलं गेलंय, ते गोड मानून घ्या.

ताई, आम्ही घणसोली गावातले. आमच्याकडे हळद बेंजोशिवाय होत नाही. परवा मुलीने मोबाइलवर ‘बँजो’ शोधून दाखवला, तर तो डफासारखा गोल आणि लांब दांड्याचा निघाला. मग आम्ही इतकी वर्षं बेंजो म्हणतो तो कोण?

तुमचा बेंजो तुमचाच आहे, फक्त त्या गोल बँजोशी त्याचं काही नातं नाही. गोल बँजो अमेरिकेतला. गुलाम म्हणून जहाजांतून नेलेल्या आफ्रिकी माणसांनी भोपळ्यावर कातडं ताणून जी वाद्यं केली, त्यांतून तो घडला. तुमच्या बेंजोचं माहेर मात्र जपानात आहे. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी तारेच्या वाद्यावर टाइपरायटरसारखी बटणं बसवली. त्याच वर्षी तिथे तैशो राजवट सुरू झाली, आणि कोतो हे तिथलं जुनं तंतुवाद्य. म्हणून नाव पडलं तैशोगोतो. वाद्य लहान, शिकायला सोपं. समुद्रापलीकडून आपल्याकडे आलं आणि बुलबुल तरंग झालं. बलुचिस्तानात तेच अंगाने मोठं होऊन ‘बेंजू’ या नावाने लोकगीतांच्या साथीला बसलं. आपल्या आगरी-कोळी गावांत त्याला पिकअप आणि स्पीकर मिळाला, आणि तो ढोल-ताशाच्या बरोबरीने बोलायला लागला.

मला स्वतःला हे कळलं ते एका दुरुस्तीच्या निमित्ताने. लग्नसराई संपता संपता एक मुलगा बेंजो घेऊन आला. म्हणाला, “ताई, चार बटणं बसलीत, उठतच नाहीत.” मी वरची पट्टी खोलली. प्रत्येक बटणाखाली एक बारीक स्प्रिंग असते. बटण दाबलं की पट्टी तारेवर येते आणि तार खालच्या पडद्यावर टेकते, की झाला सूर. उजव्या हाताने नखी मारायची. त्या चार स्प्रिंगांत पिवळा चिकट थर घट्ट बसला होता. घाम, तेल आणि हळद! किती मांडवांची हळद असेल ती, कोण जाणे. जुन्या टूथब्रशने ती काढताना वाटलं की हे यंत्र नागोयात कुणीतरी टेबलावर बसून शांतपणे वाजवायला बनवलं, आणि इथे ते उभ्याने, गळ्यात अडकवून, नाचणाऱ्यांच्या गर्दीत वाजतं. मुलीला सांगा, मोबाइलवर ‘तैशोगोतो’ शोध. बटणं लगेच ओळखीची वाटतील.

आमच्या नौपाड्यातल्या भजनी मंडळात एक काका म्हणाले की आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. पेटीला? ती तर देवळातसुद्धा चालते!

काका बरोबर बोलले. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर गाण्याच्या साथीला पेटी चालत नव्हती. जॉन फोल्ड्स नावाचे इंग्रज संगीतकार दिल्ली केंद्रात होते, त्यांनी पेटीविरुद्ध जोरदार लिहिलं होतं. रवींद्रनाथ टागोरांनाही ती नको होती. १९७१ मध्ये बंदी सैल झाली.

आक्षेप दोन होते. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, हा पहिला. दुसरा जास्त खोल आहे, आणि तो तुम्ही घरी तपासू शकता. जुळलेल्या तानपुऱ्याची खर्जाची तार छेडा आणि नीट कान द्या. षड्जाच्या, म्हणजे ‘सा’च्या, पोटातून गंधार, म्हणजे ‘ग’, आपोआप उमटतो. आता पेटीवरचा गंधार धरा. शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर पेटीचा गंधार त्या आतल्या गंधाराहून सुमारे १४ भाग चढा असतो. कारण पेटी सप्तकाचे १२ सारखे तुकडे करते, आणि निसर्ग तसं करत नाही. पंचमात, म्हणजे ‘प’मध्ये, हा फरक जेमतेम २ भागांचा, म्हणून तो खुपत नाही. गंधार खुपतो.

पण त्यावर उपाय आहे, आणि तो मी हातांनी करते. पेटीचं झाकण काढलं की आत पितळेची पाती ओळीने दिसतात. पातं टोकाशी किंचित घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. घासायचं म्हणजे किती? कानस दोनदा फिरवून थांबायचं, भाता देऊन ऐकायचं, पुन्हा बघायचं. एखाद्या गायकाची पट्टी, म्हणजे त्याचा ‘सा’ कुठे धरायचा ते, ठरलेली असली, की वडील त्याच्या षड्जाला धरून अख्खी पेटी तानपुऱ्यावर लावून द्यायचे. मग ती पेटी दुसऱ्या पट्टीत वाजवायची नाही, एवढंच पथ्य. अशी लावलेली पेटी ज्यांनी ऐकली, त्यांना ती ३१ वर्षांची बंदी अन्यायाची वाटते. मलाही वाटते.

देवळातल्या पेटीबद्दल म्हणाल, तर तीही पाहुणीच. पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ यांनी १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. त्या पेट्यांना पायाने भाता मारायचा आणि त्या खुर्चीवर बसून वाजवायच्या. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हाताच्या भात्याची पेटी बनवली आणि ती जमिनीवर, आपल्या बैठकीत आली.

पी. सावळाराम ठाण्याचे नगराध्यक्ष होते, हे खरं? (वर्तकनगर)

खरं. ज्यांच्या गाण्याने महाराष्ट्राच्या लेकींना सासरी जाताना रडवलं, ते जनकवी या गावाचे नगराध्यक्षही होते.

आजीच्या ट्रंकेत जुन्या काळ्या रेकॉर्ड्स सापडल्या. एक हातातून पडली तर काचेसारखी फुटली. पुसायला स्पिरिट वापरलं तर चालेल का? (कोपरखैरणे)

थांबा, स्पिरिट अजिबात लावू नका! त्या तबकड्यांत लाख आहे, तीच जिच्या बांगड्या करतात. लाखेचे किडे कुसुम, पळस, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर ती तयार करतात, आणि जगाला ती पुरवणारा मोठा देश आपलाच होता. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. तुम्ही पुसाल आणि गाणं फडक्याला लागून येईल. साध्या पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाका, मऊ कापडाने रेषांच्या दिशेने हलकेच पुसा, मधलं लेबल भिजू देऊ नका. सुकल्यावर उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका.

त्यातल्या एखाद्या फार जुन्या तबकडीत गाणं संपल्यावर गाणारी बाई स्वतःचं नाव सांगते का, ते ऐका. कोलकात्यात नोव्हेंबर १९०२ मध्ये गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं, आणि शेवटी त्यांनी इंग्रजीत आपलं नाव सांगितलं. त्या काळी तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून यायच्या. तिथल्या कारागिरांना कुणाचं गाणं आहे ते कळावं, म्हणून ही पद्धत.

केसरबाई केरकरांचं गाणं अवकाशात आहे असं वाचलं. ते तिथे गेलं कसं? (नेरूळ)

नासाच्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. त्यात जगभरातल्या २७ रचना आहेत. भारतातली एकच, केसरबाईंची भैरवी, साडेतीन मिनिटांच्या आसपासची. रॉबर्ट ब्राउन या अमेरिकी संगीत-अभ्यासकांनी तिची शिफारस केली होती. गोव्यातल्या केरी गावात जन्मलेल्या, अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकलेल्या केसरबाई रेकॉर्डिंगच्या बाबतीत फार काटेकोर होत्या, म्हणून त्यांच्या तबकड्या मुळातच थोड्या. ‘व्हॉयेजर २’ आधी, २० ऑगस्ट १९७७ ला सुटलं, ‘व्हॉयेजर १’ ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई मुंबईत वारल्या. आपली मैफल भैरवीने संपते. हे जुळवून कुणी आणलेलं नव्हतं, तरी तारखा वाचताना माझ्या अंगावर काटा येतो.

मी चौथीत आहे. तबल्यावर काळा गोल का असतो? नुसतं शोभेला का? (ऐरोली)

शोभेला नाही, बाळा. त्याला शाई म्हणतात. लोखंडाची बारीक पूड खळीत मळून तिचे पातळ थर देतात आणि प्रत्येक थर गुळगुळीत दगडाने घोटतात. नुसतं कातडं वाजवलं तर त्यातून निघणारे निरनिराळे नाद एकमेकांशी जुळत नाहीत, ‘धप्प’ होतं. शाईच्या वजनाने ते ओळीत येतात आणि तबला सुरात बोलतो. सर सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच यावर लिहिलं होतं, नोबेल मिळण्याच्या दहा वर्षं आधी. डग्ग्यावरची शाई मात्र मधोमध नसते, ती एका बाजूला का असते ते तुझ्या गुरुजींना विचार.

आणि आईबाबांबरोबर दुकानात ये. माझ्याकडे शाई न लावलेली एक पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचं कातडं, आहे. आधी तिच्यावर बोट मार, मग शेजारच्या तबल्यावर.