आजोबांच्या डब्यातली प्राचीन चांदीची नाणी ऑनलाइन लिलावात विकावीत का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आजोबांच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चांदीची २३ लहान नाणी निघाली, एका बाजूला डोकं, दुसऱ्या बाजूला डोंगरासारखं काहीतरी, आणि सोबत ‘जुन्नर, सोनाराकडून, १९६१’ अशी चिठ्ठी. आईने त्यातली दोन चिंचेने घासून लख्ख केली. मुंबईतल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर दर रविवारी लिलाव होतो, तिथे ही विकावीत का, आणि आता गोडी लागलीच आहे तर तिथूनच आणखी घ्यावीत का, असं तुम्ही विचारलंय.

विका आणि घ्याही, पण त्याआधी ही २३ नाणी वाचायला शिका. मी मुलुंडला राहतो, फोर्टला नोकरी करतो, आणि गेली ११ वर्षं अशाच एका छोट्या लिलावात घेतोय-विकतोय. तिथे ज्याला नाणं वाचता येतं त्याचा निभाव लागतो. ज्याला येत नाही तो फोटोच्या चमकीवर बोली लावतो.

तुमच्या वर्णनावरून ही पश्चिमी क्षत्रपांची, म्हणजे पश्चिम भारतावर राज्य केलेल्या शक राजांची, नाणी दिसतात. वजन साधारण २ ग्रॅम, आकार करंगळीच्या नखापेक्षा थोडा मोठा. डोंगर म्हणजे तीन कमानींची टेकडी, वर चंद्रकोर, खाली नागमोडी रेघ, ती नदी. जुन्नर म्हटल्यावर नहपान या क्षत्रप राजाचं नाव मनात येतंच, कारण त्याचा अमात्य अयम याचा लेख तिथल्या लेण्यांत आहे. पण नहपानाच्या चांदीच्या नाण्यावर बाण आणि वज्र असतं, टेकडी नसते. टेकडी येते ती नंतरच्या चष्टन राजापासून पुढे. म्हणजे तुमची नाणी चष्टनाच्या घराण्यातली, आणि हे घराणं नाणेसंग्राहकाला पहिला गुरू म्हणून लाभावं असं आहे, कारण ही माणसं नाण्यावर स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि बऱ्याचदा सालही लिहून ठेवायची. एवढ्याशा चकतीवर इतकी माहिती देणारी नाणी आपल्याकडे त्या काळात दुसरी फारशी नाहीत.

टेकडीभोवती गोल फिरणारा ब्राह्मी मजकूर असतो. त्यात ‘राज्ञो’ आणि ‘क्षत्रपस’ किंवा ‘महाक्षत्रपस’ हे शब्द दोनदा येतात, एकदा बापासाठी, एकदा मुलासाठी. मधे ‘पुत्रस’ सापडलं की किल्ली हातात आली. त्याच्या आधीचं नाव बापाचं, सगळ्यात शेवटचं नाव नाणं पाडणाऱ्याचं. गेल्या वर्षी आमच्या लिलावात एक लॉट, म्हणजे बोलीला मांडलेली वस्तू, नुसता ‘क्षत्रप, चांदी’ म्हणून आला होता. फोटो मोठा करून बघितला तर ‘राज्ञो क्षत्रपस वीरदामपुत्रस राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसेनस’. म्हणजे वीरदामनचा मुलगा दुसरा रुद्रसेन. मग नाणं उलटं केलं. डोक्यामागे अंकांची जागा असते. तिथे १०० चं चिन्ह स्पष्ट होतं, त्याखाली ८० चं, आणि एकम स्थानाचा आकडा कडेबाहेर गेलेला. ब्राह्मी अंकांत शंभराला वेगळं चिन्ह, ऐंशीला वेगळं, त्यामुळे एक आकडा हरवला तरी बाकीचे बोलतात. शक १८० ते १८९, त्यात ७८ मिळवा: इसवी सन २५८ ते २६७. दुसऱ्या रुद्रसेनाची नाणी भरपूर मिळतात, म्हणून ते मला ८०० रुपयांत पडलं. पण त्या रात्री साडेदहा वाजता स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली त्या राजाचं साल लागलं, तेव्हाचा आनंद मला हजारोंच्या नाण्यानेही दिलेला नाही.

तेव्हा पहिला महिना काही विकू नका. भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं पुरे. ब्राह्मीचा तक्ता समोर ठेवा आणि एकेक नाणं वाचून वहीत उतरवा. सुट्टी काढून एकदा फोर्टमधल्या रिझर्व्ह बँकेच्या नाणेसंग्रहालयात जा, सर फिरोजशहा मेहता रोडवरच्या अमर बिल्डिंगमध्ये आहे. आहत, म्हणजे छोटे छोटे ठसे मारलेल्या प्राचीन, नाण्यांपासून आजच्यापर्यंत सगळं क्रमाने मांडलंय. अस्सल नाण्याच्या अक्षरांची धार कशी असते ते डोळ्यांत बसलं पाहिजे, आणि ते फोटोवरून बसत नाही.

हे मी शिकलो ते फसल्यावर. सातेक वर्षांपूर्वी एका लिलावात यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाचं चांदीचं नाणं आलं. सातवाहनांची नाणी बहुतेक शिशाची, तांब्याची नि पोटीन या मिश्रधातूची. राजाचा चेहरा असलेली चांदीची नाणी दुर्मीळ. आणि यज्ञ सातकर्णी म्हणजे आपल्या मुंबईच्या दारातला राजा. १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला तेव्हा आतल्या अवशेषांबरोबर त्याचं चांदीचं नाणं निघालं होतं. नालासोपाऱ्याची लोकल पकडणाऱ्या माणसाला त्या नाण्याचा मोह होणारच. मी साडेनऊ हजार मोजले. घरी आलं, डबीत ठेवलं, महिनाभर रोज रात्री काढून बघितलं. सहाव्या आठवड्यात दुसऱ्या एका विक्रीत तेच नाणं दिसलं. तीच घड्याळात सात असतो त्या जागेजवळची चीर, तोच ‘सिरि’ (म्हणजे श्री) मधला अर्धा गळलेला ‘रि’. माझं नाणं तर माझ्या हातात होतं.

हातोड्याने ठोकून पाडलेली दोन नाणी एकाच ठशाची असू शकतात, पण दोन्हींचा ठसा त्याच बाजूला सरकलेला आणि चीर त्याच जागी, असं होत नाही. तसं दिसलं की एका नाण्यावरून साचा घेऊन ओतलेली जुळी आहेत असं समजायचं. विकणाऱ्याला कळवलं, त्याने लिलावाच्या नियमांकडे बोट दाखवलं: परत करायची मुदत सात दिवस. पैसे गेले. त्याहून जास्त लागलं ते हे की महिनाभर मी त्या नाण्याशी बोलत होतो.

त्या नंतर झवेरी बाजारातून ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा आणला. पद्धत सोपी आहे. आधी कोरडं नाणं तोला. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा आणि नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून धरा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जेवढा वाढेल त्याने कोरड्या वजनाला भागा. माझं रुद्रसेनाचं नाणं २.१३ ग्रॅम, पाण्यात काटा ०.२१ दाखवतो; उत्तर दहाच्या थोडं वर. शुद्ध चांदीचं साडेदहा येतं, थोडं तांबं मिसळलं की खाली उतरतं, म्हणजे हे जुळतं. ते फसवं नाणं २.३१ भरलं आणि पाण्यात ०.२९, उत्तर आठही येईना. चांदीच नाही. नाणं इतकं हलकं असतं की शंभराव्या भागाचा फरकही उत्तर बदलतो, म्हणून तीन-चारदा तोलून सरासरी घ्या. आणि हे उत्तर बरोबर आलं तरी नाणं अस्सल ठरत नाही, चांदीची नक्कलही असते. मग भिंगाखाली कड बघायची: ओतीव नाण्याला कधी कडेवर बारीक सांधा दिसतो किंवा तो कानशीने घासल्याच्या खुणा, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे गोल खळगे, आणि अक्षरं वापरलेल्या साबणावरच्या नावासारखी मऊ.

आता लिलावाबद्दल. आमच्याकडे रविवारी रात्री नऊला फोटो पडायला लागतात. दोन्ही बाजू, वजन, सुरुवातीची किंमत. ज्याला हवं तो फोटोला उत्तर देऊन आकडा टाकतो. शेवटच्या मिनिटाला बोली आली की वेळ तीन मिनिटांनी वाढतो. ही वाढीव तीन मिनिटं फार वाईट असतात. माणूस तेव्हा नाणं बघत नाही, समोरच्या माणसाला बघतो. मी आकडा दुपारीच कागदावर लिहितो, त्यात लिलावाचं कमिशन आणि टपालखर्च धरून, आणि त्यापुढे फोन उपडा ठेवतो. एखाद्या विक्रेत्याच्या प्रत्येक लॉटवर तोच एकजण किंमत चढवतो आणि कधीच जिंकत नाही असं दिसलं, तर त्या विक्रेत्याचे लॉट सोडा. आणि अस्सलपणाची हमी सात दिवसांची की कायमची, हे पहिल्या बोलीआधी लेखी विचारा. चांगले विक्रेते कायमची देतात. मी स्वतः विकतो तेव्हा तीच देतो.

‘शेतात परवाच निघाली, मातीसकट आहेत’ असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. मातीसकट नक्कल विकणं जुनं आहे. आणि खरंच निघाली असतील तर ती विकायचा त्याला हक्क नाही: १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेलं १० रुपयांहून जास्त किमतीचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण असा घडा वाटून विकला की त्यातला इतिहास गेलाच. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांहून अधिक. त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता, कित्येकांवर खालचं नहपानाचं तोंड अजून दिसतं. साठा एकत्र राहिला म्हणून मोजता आलं, आणि मोजता आलं म्हणून नहपानाचा पराभव इतका ठळकपणे कळला. तीच नाणी रविवारच्या लिलावांत एकेक करून गेली असती तर आज कोणाला कळलं असतं?

कायद्याचं आणखी थोडं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरचं नाणं देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या पुतण्याला भेट म्हणूनही नाही. घेणारा ‘दुबईला पाठवाल का’ म्हणाला तर सरळ नाही सांगा. पुरावस्तूंची खरेदी-विक्री धंदा म्हणून करायची तर परवाना लागतो, म्हणून विकायची वेळ आली तर परवाना असलेल्यामार्फत विका. आणि कोणी फोन करून ‘रिझर्व्ह बँकेतर्फे तुमची नाणी लाखोंना घेतो, आधी शुल्क भरा’ म्हणालं तर फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच जाहीर इशारा दिलाय की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती नाही आणि असलं शुल्क कधी मागत नाही.

आईला रागावू नका, पण बाकीच्या २१ नाण्यांना चिंच, लिंबू, पितांबरी काहीही लावू देऊ नका. चांदीवरचा तो करडा थर शेकडो वर्षांत चढतो, घासला की अक्षरांची धारही त्याच्याबरोबर जाते, आणि जाणकार घेणारा फोटोतच ओळखतो. घासलेली दोन तुमच्याकडेच ठेवा, सरावाला उत्तम. बाकीची मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत कोंबू नका, त्या प्लास्टिकमधून चिकट हिरवट काहीतरी सुटतं. प्रत्येकाला वेगळं कागदी पाकीट करा, आम्लरहित कागद मिळाला तर बरंच. आपल्याकडच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी हवीच.

वाचून झाली की यादीत बघा. दुसऱ्या रुद्रसेनाची किंवा त्याच घराण्यातल्या भर्तृदामनची नाणी दोन-तीन असतील तर जास्तीची विकायला हरकत नाही, हजाराच्या आसपास जातील. यादीत त्याच घराण्यातला संघदामन निघाला तर मात्र थांबा. तो जेमतेम दोन वर्षं गादीवर होता, शक १४४ आणि १४५, त्याची नाणी थोडी. ते छोट्या ग्रुपवर घाईने टाकू नका.

आणि ती चिठ्ठी. तिला स्पर्धेतल्या पदकासारखं जपा. ही नाणी १९६१ साली विकत घेतलेली आहेत, कुठल्या गावात, कोणाकडून, हे तिच्यावर आजोबांच्या हाताने लिहिलंय. असला कागद आमच्या लिलावात येणाऱ्या शंभर नाण्यांपैकी एखाद्याबरोबरही नसतो. मूळ चिठ्ठी कोणालाही देऊ नका. दुपारच्या उजेडात खिडकीशी सगळी २३ नाणी मांडा, मधोमध चिठ्ठी ठेवा, बाजूला फूटपट्टी, आणि एक फोटो काढा. पुढे यातलं कुठलंही नाणं विकाल तेव्हा त्या फोटोची प्रत त्याच्याबरोबर जाऊ द्या. जमलं तर इथेही टाका, ब्राह्मी लावायला मी बसतो तुमच्याबरोबर.