तकिया, तक्या आणि तक्क्या

प्रश्न आलाय : सुदानच्या युद्धात घरदार सुटलेल्यांना काय म्हणायचं? निर्वासित, विस्थापित की शरणार्थी?

सीमा ओलांडून चाडमधल्या अद्रेला पोचले ते निर्वासित. देशातल्या देशात पळत राहिले ते विस्थापित. अरबीतसुद्धा लाजी आणि नाझिह असे दोन वेगळे शब्द आहेत. १५ एप्रिल २०२३ ला लष्कर आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस ही निमलष्करी फौज यांच्यात लढाई पेटली, तेव्हापासून उठलेल्यांत विस्थापितच जास्त. तरी आपले वृत्तनिवेदक सगळ्यांना सरसकट निर्वासित करून मोकळे होतात. शरणार्थी मी टाळतो. मराठीत शरण जाणं म्हणजे हार पत्करणं.

मला चीड आली ती वेगळ्याच शब्दाची. सुदानवरच्या एका बातमीत चार वेळा 'कम्युनिटी किचन'! अहो, वस्तीतली पोरं मोठाल्या पातेल्यांत डाळ शिजवून उपाशी कुटुंबांना वाढतात, त्या जागेला सुदानी माणूस तकिया म्हणतो. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत थांबली आणि अशा शेकडो तकियांच्या चुली विझल्या.

आणि हा तकिया आपल्या घरातला आहे! फारसीत तकिया म्हणजे टेकायची वस्तू, उशी. त्यावरून आपला लोड-तक्या. पुढे माणूस टेकतो ती जागाही तकिया झाली : फकिराचं ठिकाण, तुर्कीत सूफी दर्वेशांचं तेक्के. तिथं वाटसरूला जेवण मिळायचं. सुलतान सुलेमानच्या बेगमेनं जेरुसलेमला १५५२ साली अन्नछत्र घातलं, तेही तकियाच. गाझातही हाच शब्द.

आता माझं मत. महारवाड्यातला तक्क्या, म्हणजे जिथं बैठका व्हायच्या, परगावचा पाहुणा उतरायचा, तो हाच शब्द. माझे एक संस्कृतप्रेमी स्नेही तो 'टेकणे'वरून आणतात, वर फारसी तकियाही आपल्याकडूनच गेला म्हणतात. त्याच्या मुळाशी अरबी 'इत्तिका', रेलणं, आहे हे त्यांना तीनदा सांगून झालं. नुसत्या आवाजावर सोयरीक जुळवायची तर काका आणि काकडी सख्खे भाऊबहीण ठरतील. मीही आवाजावरच चाललोय म्हणाल, पण माझ्या बाजूला अर्थ आहे : दमलेल्यानं टेकायची जागा.

बातमीत तकिया लिहिलं तर वाचकाला उशी वाटेल, अशी शंका एकीनं काढलीय. वाटू दे की. अर्धा अर्थ तर कळला!