प्रयोगशाळेत त्वचेच्या मूलपेशी (स्टेम सेल्स) वाढवायच्यात ना? मग हे आधी वाच

पुण्यात एनसीसीएससारखी (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) संस्था हाकेच्या अंतरावर आहे, तिथली व्याख्यानं चुकवू नकोस. आता कामाचं.

त्वचेतल्या मूलपेशी आणि आयपीएस पेशी (साध्या पेशींना पुन्हा मूलपेशींसारखं बनवून मिळणाऱ्या) एक समजू नकोस. पहिल्या बाह्यत्वचेच्या तळच्या थरात आणि केसांच्या मुळांत मुळातच असतात. आयपीएस पेशी मात्र प्रयोगशाळेत घडवाव्या लागतात.

नवखे हमखास चुकतात ते असं:
- पेशी वाढवायची प्लेट गच्च भरेपर्यंत थांबतात. दाटीत पेशी पक्व होतात, मूलपेशी हातच्या जातात. प्लेट ७० टक्के भरली की लगेच पेशी नव्या प्लेटमध्ये हलव.
- फायब्रोब्लास्ट (त्वचेच्या आतल्या थरातल्या जोडऊतीच्या पेशी) माजू देतात.

कंटाळा आला की २०१७मध्ये गाजलेला, आनुवंशिक आजाराने बहुतेक बाह्यत्वचा गमावलेला तो सात वर्षांचा मुलगा आठव: जनुक दुरुस्त केलेल्या त्याच्याच पेशींतून जवळपास ८० टक्के बाह्यत्वचा परत उभी राहिली! माध्यमाच्या (पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्याच्या) बारकाव्यांचं नंतर बोलू.