समीकरणं माहीत आहेत, मग कृष्णविवरांच्या लहरींना ‘मॉडेल’ कशाला?

आइन्स्टाइनची गुरुत्वाकर्षणाची समीकरणं १९१५ पासून हाताशी आहेत, मग कॉम्प्युटरला देऊन दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणातून निघणारी गुरुत्वीय लहर एकदाची काढून का ठेवत नाहीत, असं तुम्ही शहाद्याहून विचारलंय. आता मी जळगावात शिकवतो, पण आधी पाच वर्षं याच कामात होतो.

काढतात की! पण तेही २००५ पासून. त्याआधी असे प्रोग्रॅम एक फेरी धड पुरी व्हायच्या आत कोलमडायचे. त्या वर्षी फ्रान्स प्रिटोरियसने ते गणित पहिल्यांदा विलीनीकरणाच्या पलीकडे नेलं. आजही एका जोडीच्या शेवटच्या काही फेऱ्यांसाठी सुपरकॉम्प्युटरला आठवडे, कधी महिने लागतात.

आता हिशेब करा. एकूण वस्तुमान बदललं की लहर नुसती ताणली किंवा आखडली जाते, ते सोडा. कक्षा गोल धरली तर उरतं वस्तुमानांचं गुणोत्तर आणि दोघांच्या गिरकीचे (स्वतःभोवती फिरण्याचे) तीन दिशांचे तीन-तीन आकडे, म्हणजे ७. प्रत्येकाच्या १० किमती घेतल्या तरी १ कोटी जोड्या झाल्या! प्रत्यक्षात झालेली गणितं काही हजारांच्या घरात. मधल्या सगळ्या रिकाम्या जागा मॉडेलने, म्हणजे या गणितांशी जुळवलेल्या झटपट सूत्रांनी, भरायच्या.

मी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो. गाडी थांबली की वडील हातोडी घेऊन चाकं ठोकत जायचे. खणखणीत आवाज आला तर चाक धड, बद्द आला तर तडा. विलीन झाल्यावर तयार झालेलं कृष्णविवरही असंच घणघणतं आणि क्षणात गप्प होतं. तो सूर त्याच्या वस्तुमानावर आणि गिरकीवर ठरतो. सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्येच हे घणघणणं गणितात दाखवलं होतं. म्हणजे शेवट सोपा. सुरुवातही तशी सोपी: दोघं लांब आणि संथ असतात, न्यूटनच्या गणिताला दुरुस्त्या जोडत गेलं की भागतं (त्यात आपल्या बंगळुरूच्या बाला अय्यर यांचं मोठं काम आहे). खरी गोम शेवटच्या फेऱ्यांत. वेग प्रकाशाच्या निम्म्याच्या आसपास पोचला की त्या दुरुस्त्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

तिथे दोन वाटा आहेत. बुओनान्नो आणि दामूर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये दोन वस्तूंचा प्रश्न एकाच वस्तूच्या प्रश्नात बसवला, आणि त्याचे आकडे सुपरकॉम्प्युटरच्या गणिताशी जुळवून घेतात. दुसरी वाट गावठी, पण झटपट: सुरुवात कागदावरची, शेवट कॉम्प्युटरचा, दोन्ही शिवून त्यावर सूत्र बसवायचं. मला हीच आवडते. माझी पहिली शिवण मात्र फसली होती. दोन तुकड्यांच्या कलेत (फेजमध्ये, म्हणजे चढ-उतार जुळण्यात) किंचित फरक राहिला, आणि महिनाभर मी गिरकीचे भलतेच आकडे काढत बसलो. नुसत्या डोळ्यांना सांधा गुळगुळीत दिसायचा, हेच वाईट.

एवढी काटेकोरी लागते, कारण गोंगाटातून लहर शोधायची तर तिचा साचा आधी हवा. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर यांनी या पद्धतीवर लायगो, म्हणजे या लहरी टिपणारी अमेरिकेतली वेधशाळा, उभं राहण्याच्या आधीपासून काम केलं.

हात घालायचाय ना? १४ सप्टेंबर २०१५ च्या पहिल्या लहरीचा डेटा फुकट मिळतो. वारंवारता वाढण्याचा वेग वारंवारतेच्या ११/३ घाताच्या प्रमाणात असतो, आणि ते प्रमाण किती हे ‘चर्प’ वस्तुमान (दोन्ही वस्तुमानांपासून बनणारा एक आकडा) ठरवतं; एवढ्यावर पायथॉनमध्ये ते काढून बघा. सूर्याच्या ३० पटीच्या आसपास आलं, तर जमलं.