सोसायटीची साइट दुसऱ्याच्या फ्रेममध्ये दिसू द्यायची का?

फ्रेम म्हणजे एका साइटच्या पानात दुसऱ्या साइटचं पान दाखवणारी चौकट. आधी एवढंच बघ, पानावर लॉगिन किंवा पैसे भरायचं बटण आहे का. तुमच्या ऐरोलीच्या सोसायटीचे सभासद साइटवरूनच मेंटेनन्स भरतात ना? मग तिथे बंदी हवीच. एखादा भामटा तुझं पान पारदर्शक करून आपल्या पानावर अंथरतो, खाली ‘बक्षीस घ्या’ लिहितो. आजोबा बक्षिसावर बोट ठेवतात आणि दाबलं जातं तुझं बटण. हेच क्लिकजॅकिंग.

सर्व्हरच्या कन्टेन्ट-सिक्युरिटी-पॉलिसी हेडरमध्ये (पानाबरोबर ब्राउझरला जाणारी सूचना) फ्रेम-अ‍ॅन्सेस्टर्स लिहून पुढे ‘सेल्फ’ (म्हणजे फक्त आपलीच साइट) दे, एकेरी अवतरणचिन्हांसकट. ती विसरलीस तर ब्राउझर सेल्फ हे एखाद्या साइटचं नाव समजतो आणि तुझ्या स्वतःच्या साइटलाही फ्रेम करू देत नाही. जुन्या ब्राउझरसाठी एक्स-फ्रेम-ऑप्शन्स या दुसऱ्या हेडरमध्ये सेमओरिजिन, अर्थ तोच. यातलं काहीही पानाच्या कोडमधल्या मेटा टॅगमध्ये टाकू नकोस, ब्राउझर ते मानत नाही. जावास्क्रिप्टने फ्रेम फोडायच्या जुन्या युक्त्याही नकोत, फ्रेमला सँडबॉक्स (आतल्या पानावर बंधनं घालणारी सेटिंग) लावून त्या निकामी करता येतात.

पाण्याच्या वेळांचं पान मात्र मोकळं ठेव, असं मला मनापासून वाटतं. शेजारच्या सेक्टरच्या मंडळाने ते आपल्या साइटवर दाखवलं तर लोकांची सोयच होईल. फक्त त्यांनाच परवानगी द्यायची असेल तर फ्रेम-अ‍ॅन्सेस्टर्समध्ये त्यांच्या साइटचा पत्ता घाल. आणि हो, मजकुराची चोरी याने थांबत नाही, तेवढ्यासाठी हे करू नकोस.