उन्हाळे मोजा, रँकिंग नंतर बघा

यावेळी एकाच विषयावर इतके प्रश्न आलेत की बाकीचे सगळे पुढच्या वेळेवर ढकलले. विषय म्हणजे युरोपात मास्टर्स करून इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये, म्हणजे कंपन्यांचे खरेदी-विक्रीचे आणि भांडवल उभारण्याचे व्यवहार जुळवण्याच्या कामात, कसं शिरायचं. मी स्वतः डोंबिवलीहून हाच रस्ता धरून लंडनला गेलो, काही वर्षं ‘एम अँड ए’ टीममध्ये (कंपन्यांची खरेदी-विक्री आणि विलीनीकरण) रात्री जागवल्या, त्यामुळे थोडं अनुभवाचं आणि थोडं पोरांना गाईड करताना कळलेलं, असं मिक्स आहे.

प्रश्न : मी नाशिकची, बीएएफच्या (अकाउंटिंग अँड फायनान्स) शेवटच्या वर्षाला आहे. एलएसई (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) आणि मिलानचं बोकोनी, दोन्हीकडे एमएससी फायनान्सची ऑफर आहे, पॅरिसच्या एचईसीच्या एमआयएमचा (मास्टर्स इन मॅनेजमेंट) निकाल यायचाय. एफटी (फायनान्शियल टाइम्स) रँकिंगमध्ये जे वर असेल ते घेऊ ना?

अगं, ते रँकिंग दोन मिनिटं बाजूला ठेव. त्या यादीत पगाराला भरपूर वजन असतं, तो पगारही पास होऊन तीन वर्षं झालेल्यांचा, आणि वर पर्चेसिंग पॉवरने बदललेला, म्हणजे जिथे राहणं स्वस्त तिथला आकडा कागदावर फुगतो. शिवाय त्यात बँकर, कन्सल्टंट, कंपनीत फायनान्स करणारे सगळे एकाच पातेल्यात. तुझ्या कामाचं त्यातून फारसं काही निघत नाही.

तू एकच गोष्ट मोज. पास व्हायच्या आधी मला किती इंटर्नशिप करता येतील? कारण युरोपातल्या बँका फुलटाइम ऑफर मुख्यतः स्वतःच्या इंटर्नमधूनच देतात, डिग्री घेऊन बाहेरून दार ठोठावणाऱ्याला जागा फार कमी. समर इंटर्नशिप नऊ-दहा आठवड्यांची असते, आणि ऑफ-सायकल म्हणजे साधारण सहा महिन्यांची, वर्षात कधीही सुरू होणारी. आता तुझे तीन पर्याय या फुटपट्टीने बघ.

एलएसई वर्षभराच्या आत संपतं. नाव जबरदस्त, सिटी, म्हणजे लंडनचा बँकांचा भाग, पायी जाण्याच्या अंतरावर, बँकांचे लोक कॅम्पसवर सतत येतात. पण उन्हाळा एकच, तोही कोर्स संपतानाचा. बोकोनी दोन वर्षांचं, त्यामुळे मधला एक अख्खा उन्हाळा मिळतो आणि शेवटाकडे ऑफ-सायकलही बसवता येते, मिलानची पोरं लंडनला भरपूर दिसतात. एचईसीच्या एमआयएमला दोन वर्षांच्या मध्ये सेझ्यूर घेता येतो, म्हणजे एक वर्षाची ऑफिशियल गॅप. त्यात पोरं सहा महिने इकडे आणि सहा महिने तिकडे अशा दोन इंटर्नशिप मारतात, कॉलेज कन्व्हेन्शन द स्ताज नावाचा करार सही करून देतं आणि फ्रान्समध्ये त्या कागदाशिवाय इंटर्नशिप होतच नाही. एसेक, ईएससीपी या तिथल्या दुसऱ्या बिझनेस स्कूललाही हीच पद्धत. म्हणून पॅरिसचा पोरगा फुलटाइमच्या मुलाखतीला बसतो तेव्हा त्याच्याकडे वर्षभराचं खरं डील-काम असतं, आणि शेजारी बसलेल्या एक वर्षवाल्याकडे चांगली मार्कशीट.

एक खाचखळगा कुणी सांगत नाही. यूकेच्या स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि मास्टर्सचा उन्हाळा डिझर्टेशनचा (प्रबंधाचा) असेल तर तो सुट्टीत धरत नाहीत. म्हणजे जून-जुलैत फुलटाइम समर इंटर्नशिप करायची तर तुझा कोर्स नक्की कुठल्या तारखेला संपतो हे ऑफर लेटरवर बघ. दहा महिन्यांचा असेल तर सुटलीस, बारा महिन्यांचा असेल तर आधी कॉलेजला मेल टाक.

माझं मत विचारशील तर, तुझ्या सीव्हीवर मुंबईतल्या एखाद्या छोट्या ॲडव्हायझरी फर्मची खरी इंटर्नशिप आधीच असेल तर एलएसई. सीव्ही कोरा असेल तर बोकोनी, आणि एचईसी आलंच तर डोळे झाकून एचईसी.

प्रश्न : सीओईपी, मेकॅनिकल, शेवटचं वर्ष. लंडनला एक वर्षाचं एमएससी घेतलंय. सप्टेंबरमध्ये पोचलो की सेटल होऊन अर्ज भरायला लागतो, चालेल ना?

नाही रे बाबा, मी हेच केलं होतं. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पोचलो, आईने दिलेली भाजणी अजून बॅगेतच होती, खोलीत टेबल नव्हतं म्हणून जमिनीवर लॅपटॉप उघडला आणि ज्या बँकेसाठी मी एवढा लांब आलो होतो तिचा फॉर्म उघडेना. करिअर सेंटरला फोन केला तर तिकडची बाई अगदी गोड आवाजात म्हणाली की त्यांच्या जागा रोलिंग असतात, या वर्षी लवकर भरल्या. मी अजून घराची चावी नीट फिरवायला शिकलो नव्हतो.

पुढच्या उन्हाळ्याचे फॉर्म साधारण जुलै-ऑगस्टमध्ये उघडायला लागतात. रोलिंग म्हणजे शेवटची तारीख नोव्हेंबर लिहिलेली असली तरी जसजसे अर्ज येतात तसतशा जागा भरत जातात. तेव्हा सीव्ही जूनमध्येच एका पानात बसव, ॲडमिशन लेटर हातात असलं की अर्जात मास्टर्सचं नाव टाकता येतं. फॉर्म भरला की थोड्याच दिवसांत न्यूमेरिकल टेस्ट येते, मग रेकॉर्ड करायची व्हिडिओ मुलाखत, समोर माणूस नसतो, स्क्रीनवर प्रश्न आणि उलटं मोजणारं घड्याळ. मग असेसमेंट सेंटर, म्हणजे शेवटची फेरी, गटकाम आणि मुलाखती. यातलं पहिलं अर्धं तू पुण्यात बसून करू शकतोस, फक्त घरच्यांना सांग की त्या अर्ध्या तासात कुकर लावायचा नाही.

ग्रॅज्युएशनच्या तारखेचा रकानाही नीट वाच. काही बँकांना समर इंटर्न असा हवा असतो की ज्याचं शिक्षण त्या उन्हाळ्यानंतर एक वर्ष उरलंय, मग एक वर्षवाला तिथे बसत नाही आणि त्याने ऑफ-सायकलकडे वळायचं.

प्रश्न : पुण्यात मॅक्स म्युलर भवनला जर्मन शिकले, बी२ झालंय, आता बीकॉम संपतंय. सगळे लंडन लंडन करतात. फ्रँकफर्टचा विचार करू का?

कर, नक्की कर, तुझ्याकडे जे आहे ते बाकीच्यांकडे नाहीये! लंडनच्या बँकांतसुद्धा बऱ्याच टीम देशांप्रमाणे पाडलेल्या असतात. फ्रान्सची टीम, इटलीची, नॉर्डिक, आणि जर्मनी-ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडची डाख. क्लायंट एखाद्या गावातला कारखानदार, कागदपत्रं जर्मनमध्ये, फोन जर्मनमध्ये, मग टीमला जर्मन येणाराच लागतो. नुसत्या इंग्रजीवर आलेली आपली पोरं उरलेल्या जागांसाठी अख्ख्या जगाशी भांडतात. अर्थात बी२ वर हे जमणार नाही, सी१ कर आणि हिशेबाची भाषा वेगळी शिक. ताळेबंदाला बिलांत्स म्हणतात इथपासून सुरुवात.

कॉलेजांत फ्रँकफर्ट स्कूल, मानहाइम, डब्ल्यूएचयू आणि सीमेपलीकडचं सेंट गॅलन, ही नावं तिथले बँकर मानतात. मानहाइम सरकारी आहे, बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे, म्हणजे खासगी बिझनेस स्कूलच्या मानाने काहीच नाही. सेंट गॅलनची फीही तशी आवाक्यात, पण तिथे राहण्या-खाण्यात पैसे जातात, आणि पास झाल्यावर नोकरी शोधायला स्वित्झर्लंड सहाच महिने देतं. जर्मनी १८ महिने देतं.

दोन कागद आत्ताच बघ. एक, जर्मनीच्या स्टुडंट व्हिसासाठी भारतीयांना एपीएस सर्टिफिकेट (आपल्या मार्कशीट खऱ्या असल्याचा दाखला) लागतं, त्याला वेळ जातो. दुसरं, तीन वर्षांचं बीकॉम किती ईसीटीएस क्रेडिटइतकं (अभ्यासाचा भार मोजायची युरोपातली पद्धत) धरतात हे प्रत्येक युनिव्हर्सिटीला लेखी विचार, काही जण पूर्ण १८० धरत नाहीत आणि मग अर्ज तिथेच अडकतो.

प्रश्न : मी एक वडील, कोल्हापूरहून. मुलाला लंडनला पाठवायला पन्नास लाखांचं कर्ज काढावं लागेल. नोकरी नाही लागली तर?

काका, हा प्रश्न मुलांनी विचारायला हवा होता, तो तुम्ही विचारताय. खरं सांगतो, लंडनच्या नावाजलेल्या फायनान्स मास्टर्सची नुसती फीच ४०,००० पौंडांच्या वर जाते, राहणं वेगळं, हेल्थ सरचार्ज वर्षाला ७७६ पौंड वेगळा. आणि बँकेत लागेलच असं कुणी सांगत असेल तर त्या कन्सल्टंटला चहा पाजून परत पाठवा.

नोकरी शोधायला किती मुदत मिळते ते बघा. यूकेत मास्टर्सनंतर ग्रॅज्युएट रूट नावाच्या व्हिसावर दोन वर्षं मिळत होती, १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना १८ महिनेच. फ्रान्समध्ये मास्टर्स केलेल्या भारतीयांना दोन वर्षांपर्यंत राहून नोकरी शोधता येते, दोन देशांच्या करारामुळे, पण तिथे फ्रेंच न येता बँकेत शिरणं अवघड.

पैशाचं म्हणाल तर, एप्रिल २०२५ पासून बँकेच्या शैक्षणिक कर्जातून बाहेर पाठवलेल्या रकमेवर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर) नाही, स्वतःचे पाठवले तर वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर लागतो. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची प्राप्तिकरात वजावट मिळते पण फक्त जुन्या कररचनेत. आणि अनुसूचित जातीच्या मुलांनी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती जरूर बघावी, फक्त ती क्यूएसच्या जागतिक युनिव्हर्सिटी रँकिंगशी बांधलेली आहे, एलएसई, इम्पीरियल त्यात असतात, नुसती बिझनेस स्कूल असलेल्या संस्था सहसा नसतात.

मुलाला एक विचारा : बँक नाही मिळाली तर दुसरी कुठली नोकरी चालेल? बिग फोरच्या (चार मोठ्या ऑडिट फर्म) डील ॲडव्हायझरीत, एखाद्या कंपनीच्या ट्रेझरीत (पैशांची व्यवस्था बघणारा विभाग) जायची तयारी असेल तर कर्ज काढा. ‘बँकच’ म्हणत असेल तर थांबा, आधी मुंबईत वर्षभर काम करू दे.

प्रश्न : खराडीला एका परदेशी बँकेत तीन वर्षं ऑपरेशन्समध्ये आहे. बँकेचं नाव मोठं आहे, याचा फायदा होईल ना?

नावाचा थोडा, कामाचा नाही. लंडनच्या एचआरला पुण्याच्या ऑफिसात काय चालतं ते नीट माहीत असतं, ट्रेड सेटलमेंटला (झालेल्या सौद्यांची मागची पूर्तता) ‘डील एक्झिक्युशन’ लिहिलंस तर पहिल्याच मुलाखतीत पकडतील. तीन वर्षांचा अनुभव म्हणजे प्री-एक्सपिरियन्स, म्हणजे फ्रेशर्ससाठीच्या, कोर्सला तू जड होतोस, केंब्रिजच्या एमफिनला (मास्टर ऑफ फायनान्स) किमान दोन वर्षं लागतातच, ते बघ, पण तेही संबंधित काम मागतात. त्याआधी तुझ्याच बँकेची मुंबईत इन्व्हेस्टमेंट बँकिंगची टीम असेल तर तिथे आत शिरायचा प्रयत्न कर, फी लागत नाही.

प्रश्न : टेक्निकल मुलाखतीत नक्की काय विचारतात? (हा चौघांनी विचारलाय)

सगळ्यात जुना आणि अजूनही चालणारा : घसारा १० ने वाढला तर तिन्ही स्टेटमेंटमध्ये (नफा-तोटा पत्रक, कॅश फ्लो, ताळेबंद) काय होतं? टॅक्स २५ टक्के धर. नफा ७.५ ने कमी होतो. कॅश फ्लोमध्ये घसारा परत मिळवायचा कारण रोख गेलीच नाही, म्हणजे उणे ७.५ अधिक १०, रोख २.५ ने वाढते, वाचलेला टॅक्स तो. ताळेबंदात मालमत्ता १० ने कमी, रोख २.५ ने जास्त, एकूण ७.५ कमी, आणि समोरच्या बाजूला रिटेन्ड अर्निंग्ज (कंपनीत राखून ठेवलेला नफा) ७.५ कमी. जुळलं. हे न थांबता, कागद न घेता बोलता यायला हवं, आणि लगेच पुढचा प्रश्न येतो की टॅक्स शून्य असेल तर? तिथे पोरं गडबडतात. रोख बदलतच नाही, एवढंच उत्तर.