डायनॅमोचं व्होल्टेज वाढवून मागची बॅटरी भरेल का?

प्रश्न : ट्रॅव्हलर व्हॅनची कॅम्पर (आत झोपायची सोय असलेली गाडी) करून घेतलीय. बेडखाली १५० एएचची ट्युब्युलर (लेड-अ‍ॅसिड) बॅटरी आहे, ती पुढच्या, म्हणजे गाडीच्या मूळ बॅटरीवरून रिलेने (दोन्ही बॅटऱ्या जोडणाऱ्या स्विचने) चार्ज होते. पुण्याहून गुहागरला गेलो तरी फ्रीज पहाटेपर्यंत टिकत नाही. वायरमन म्हणतो रेग्युलेटरच्या सेन्स वायरमध्ये डायोड टाकू, व्होल्टेज १५ च्या आसपास जाईल. टाकू का? पुढे लिथियम पण घ्यायचीय.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : डायोड अजिबात टाकू नका. तो डायनॅमोच्या रेग्युलेटरला व्होल्टेज कमी दाखवून फसवतो, म्हणून डायनॅमो जास्त व्होल्टेज देतो. आधी मीटर लावा. मागची बॅटरी उतरलेली असताना इंजिन चालू करून थोडी रेस द्या आणि व्होल्टेज आधी पुढच्या बॅटरीवर बघा, मग मागच्या. प्रोब क्लॅम्पवर नको, शिशाच्या खुंटीवरच टेकवा, कारण दोघांच्या मध्ये ती पांढरट-हिरवट पावडर साठली असेल तर व्होल्ट तिथेच खाल्ला जातो आणि क्लॅम्पवर ते कळतच नाही.

पुढे १४.२ आणि मागे १३.३ दिसलं तर डायनॅमो बिचारा ठीक आहे, गडबड वायरिंगमध्ये आहे. ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर जाऊन-येऊन १० मीटर धरली आणि त्यातून ३० अँपिअर गेले तर जवळजवळ ०.९ व्होल्ट वाटेतच जातो. २५ स्क्वेअरची टाकली तर पाव व्होल्टही जात नाही. अर्थलाही तेवढीच जाड वायर द्या आणि फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांजवळ हवा, यात काटकसर नको.

डायोडने काय होईल, तर पुढची बॅटरी आधीच भरलेली असते, तिला १५ मिळाले की पाण्याचा गॅस होऊन ते उडणार आणि प्लेटा खराब होणार, सीलबंद असेल तर पाणी घालायचीही सोय नाही. त्यात आपला एप्रिल. लेड-अ‍ॅसिडला २५ डिग्रीच्या वर दर डिग्रीमागे साधारण ०.०३ व्होल्ट कमी द्यायचं असतं, म्हणजे बेडखालचा कप्पा ४० वर गेला की १४.४ चे १४ च करायला हवेत. आणि मला खरी काळजी वाटते ती वेगळीच, ट्युब्युलर जास्त चार्ज झाली की हायड्रोजन सोडते आणि तुम्ही तिच्यावरच झोपताय! कप्प्याला बाहेर उघडणारा व्हेंट नसेल तर आधी तो करा, बाकी सगळं नंतर.

गाडी बीएस ६ (नव्या प्रदूषण नियमांची) असेल तर अजून एक शक्यता आहे, बऱ्याच गाड्यांत व्होल्टेज ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठरवतो, सरळ रस्त्यावर १३ च्याही खाली आणतो, मग नुसत्या रिलेने बॅटरी भरणारच नाही. तिथे डीसी-डीसी चार्जरच (पुढून कमी व्होल्टेज आलं तरी मागच्या बॅटरीला हवं तेवढं देणारा) लागतो, ३० अँपिअरचा पुरे. ट्युब्युलरला १४.४ आणि फ्लोट (बॅटरी भरल्यावरचं व्होल्टेज) १३.५ ठेवा, टेम्परेचर सेन्सर असला तर नक्की जोडा.

लिथियम घेतली तर हाच चार्जर १४.२ ते १४.४ वर सेट करायचा, टेम्परेचर कॉम्पेन्सेशन (तापमानाप्रमाणे व्होल्टेज बदलणं) मात्र बंद. रिलेवर थेट जोडू नका, ती मिळेल तेवढा करंट ओढते, चांदणी चौकात ट्रॅफिकमध्ये आयडलवर डायनॅमोचा पंखा हळू फिरतो आणि वाइंडिंग तापून जळू शकतं, शिवाय बीएमएसने (लिथियम बॅटरीतल्या संरक्षक सर्किटने) मध्येच सप्लाय तोडला तर त्या झटक्यात डायनॅमोच्या आतले डायोड उडू शकतात.